अंगावर काहीच उठलं नाही, तरीही ॲलर्जीच

अन्नाची ॲलर्जी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, माणूस खाजवून हैराण. असं होतं, नाही असं नाही. पण तीव्र ॲलर्जीच्या, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसच्या, दर दहा रुग्णांमागे एक-दोघांच्या त्वचेवर काहीही दिसत नाही. एकाचा आवाज अचानक बसतो, दुसऱ्याच्या पोटात मुरडा येऊन उलट्या सुरू होतात, तिसरा नुसताच पांढराफटक पडून मटकन खाली बसतो. आजूबाजूचे म्हणतात, "ॲलर्जी असती तर अंगावर उठलं नसतं का?" आणि या वादात हाताशी असलेली मिनिटं निघून जातात.

मिनिटंच, तास नव्हेत. ब्रिटनमधले डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी तिथल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. अन्नामुळे दगावलेल्यांमध्ये श्वास किंवा हृदय बंद पडायला साधारण ३० मिनिटं लागली होती, कीटकदंशात १५ आणि दवाखान्यात दिलेल्या औषधांच्या बाबतीत जेमतेम ५. हे आकडे दगावलेल्यांचे आहेत, सगळ्या रुग्णांचे नाहीत. अन्नाच्या ॲलर्जीने जीव जाणं तसं दुर्मिळच, बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. पण कोणाचा झटका आपोआप ओसरेल आणि कोणाचा वाढत जाईल, हे पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच सांगता येत नाही.

त्वचा गप्प का राहते, हे समजायला आत काय घडतं ते पाहू. एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शरीराने आधीच शत्रू ठरवलेलं असतं आणि त्याच्या विरोधात 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. ही प्रतिपिंडं 'मास्ट' नावाच्या पेशींवर बसून असतात. ते प्रथिन पुन्हा पोटात गेलं की या पेशी आपल्याजवळचा साठा एका झटक्यात रिकामा करतात, त्यात हिस्टामिन असतं आणि इतरही बरीच रसायनं असतात. मास्ट पेशी फक्त त्वचेत नसतात. नाकात, घशात, श्वासनलिकांत, आतड्यांत, रक्तवाहिन्यांभोवती, अगदी हृदयातही असतात. कुठल्या ठिकाणच्या पेशी आधी आणि जास्त फुटल्या, त्यावर पहिलं लक्षण ठरतं. म्हणून एकाच माणसाला एकदा गांधी उठतात आणि पुढच्या वेळी थेट चक्कर येते. मागच्या वेळी थोडक्यात निभावलं म्हणून या वेळीही निभावेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

या रसायनांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गाळणीसारख्या पाझरू लागतात. गंभीर झटक्यात दहा मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेरच्या ऊतींत निघून जाऊ शकतो. रक्तदाब कोसळला की शरीर उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं आणि त्वचेला रक्त कमी पडतं. मग पुरळ उठणार कशाने? कित्येकदा ॲड्रेनलिन या औषधाचं इंजेक्शन देऊन रक्तदाब सावरल्यावर मग अंगावर लाली आणि गांधी दिसू लागतात. सकाळी सर्दीसाठी ॲलर्जीची गोळी घेतलेली असेल तरी त्वचेवरची खूण दबते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर नुसती लाली चटकन ओळखूही येत नाही. तिथे हात फिरवून उंचवटे लागतात का ते पाहावं.

सहसा लक्षात न येणाऱ्या खुणा

तळहात, तळपाय, डोक्याची त्वचा, कानाच्या आत किंवा जांघेत अचानक सुरू झालेली खाज ही सुरुवातीची खूण असू शकते. तोंडात धातूसारखी चव येते. जिभेला मुंग्या येतात. नाक एकाएकी वाहू लागतं, पाठोपाठ शिंका येतात. आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखं वाटून माणूस परत परत खाकरतो, कोरडा खोकला थांबत नाही. थुंकी गिळता येत नाही. घशाशी संबंधित या खुणा दिसायला साध्या, पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित. खोकणाऱ्या माणसाला आपण पाणी देतो आणि पाठ थोपटतो. त्याचा आवाज बदललाय का, हे ऐकत नाही.

बायकांना ओटीपोटात पाळीसारख्या किंवा त्याहून जोराच्या कळा येऊ शकतात, कारण गर्भाशयाचे स्नायूही आकुंचन पावतात. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटतो. छातीत दुखतं आणि ते नुसत्या घाबरण्याचं नसतं. ॲलर्जीच्या रसायनांनी हृदयाच्या धमन्या आवळल्या जाऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ निकोलस कूनिस यांनी १९९१ मध्ये याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आणखी एक लक्षण सांगायलाच हवं, कारण ते ऐकून लोक हसतात. रुग्ण म्हणतो, "मला काहीतरी भयंकर होणार आहे, मी वाचत नाही." त्या क्षणी बाहेरून फारसं काही दिसत नसतं. पण डॉक्टरांच्या पुस्तकांत हे ॲनाफिलॅक्सिसचं लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. ज्याला अन्नाची ॲलर्जी आहे तो खाल्ल्यावर थोड्याच वेळात असं बोलू लागला, तर "उगाच घाबरू नकोस" असं म्हणायची ती वेळ नव्हे.

एक नेहमीचा घटनाक्रम पाहा. चार लोकांत जेवताना एकाला कसंतरी होऊ लागतं. हाताचे तळवे खाजतात, पोटात ढवळतं. सगळ्यांसमोर उलटी नको म्हणून तो न बोलता उठून बाथरूममध्ये जातो आणि कडी लावतो. आत उलटी होते, जुलाब होतात, घाम फुटतो. तो उठून उभा राहतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतो. बाहेरच्यांना वाटतं, पोट बिघडलंय, येईल. या क्रमात लाज, बंद दार आणि उभं राहणं या तिन्ही गोष्टी जीवघेण्या ठरतात. ॲलर्जी असलेल्या माणसाला बरं वाटेनासं झालं तर त्याने माणसांतून उठून जायचं नाही, आणि गेलाच तर कुणीतरी सोबत जायचं.

मुलांचं वेगळंच असतं. त्यांच्याकडे 'घसा आवळल्यासारखा वाटतोय' असे शब्द नसतात. "जीभ गरम झाली", "जिभेवर केस आलेत", "हे तिखट आहे" (आणि पदार्थ मुळीच तिखट नसतो), "घशात काहीतरी बसलंय" अशी त्यांची भाषा असते. बोलता न येणारं बाळ जीभ बाहेर काढून चोळतं, कान ओढतं, लाळ गाळतं, त्याचं रडणं घोगरं होतं. कधी खेळकर बाळ एकाएकी आईला घट्ट बिलगतं, तर कधी मलूल होऊन झोपाळतं. खाऊन दहा मिनिटांत अंग टाकून दिलेल्या बाळाला 'पोट भरलं, झोपलं' म्हणून पाळण्यात ठेवण्याआधी त्याचा रंग आणि श्वास नीट बघावा, त्याला हाक मारून जागं करून पाहावं.

वेळेचं गणित चुकवणारे प्रकार

अन्नाची ॲलर्जी साधारणपणे खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. निदानासाठी हा नियम उपयोगी आहे, पण त्याला अपवाद आहेत, आणि त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना चकवलं आहे.

सगळ्यात नवलाचा अपवाद 'अल्फा-गॅल'चा. सस्तन प्राण्यांच्या मांसात या नावाची एक साखर असते. माणसाच्या शरीरात ती नसते. काही जातींची गोचीड चावल्यावर या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. मग लाल मांस खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर दोन ते सहा तासांनी, म्हणजे अनेकदा मध्यरात्री, माणूस खाजेने, पोटातल्या कळांनी किंवा गुदमरून जागा होतो. रात्रीच्या जेवणाचा आणि याचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? या कोड्याची उकल कर्करोगाच्या औषधातून झाली. सेटुक्सिमॅब या औषधाने अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रुग्णांना पहिल्याच डोसला तीव्र ॲलर्जी होत होती, इतरत्र मात्र क्वचित. व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांच्या रक्तात अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असल्याचं दाखवलं. तिथून धागा गोचिडीपर्यंत आणि मांसापर्यंत गेला.

दुसरा अपवाद व्यायामाचा. गहू किंवा कवचधारी जलचर खाल्ले तर काही होत नाही, आणि नुसतं धावलं तरी काही होत नाही. पण ते खाऊन दोन-चार तासांच्या आत धावलं, की ॲनाफिलॅक्सिस. चाचणीत गव्हातल्या 'ओमेगा-५ ग्लायडिन' या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. असे रुग्ण वर्षानुवर्षं 'मी तर रोज गहू खातो' म्हणून गव्हाला दोषमुक्त करत राहतात. व्यायामासारखंच काम दारू, ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ताप-संसर्ग, अपुरी झोप आणि काही जणींच्या बाबतीत पाळीचे दिवस करतात. एरवी सोसणारं प्रमाण त्या दिवशी सोसत नाही.

तिसरा प्रकार पिठातल्या किड्यांचा. उघडं, दमट जागी ठेवलेलं पीठ डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट किड्यांनी भरतं. धुळीतल्या अशाच माइटची ॲलर्जी असलेल्या माणसाने अशा पिठाचा पदार्थ खाल्ला तर जोराचा झटका येऊ शकतो, आणि शिजवूनही तो धोका जात नाही. गव्हाची चाचणी मात्र निर्दोष निघते. पीठ हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं की हा प्रश्न बराचसा टळतो.

लहान बाळांतला 'एफपाइज' हा प्रकार या सगळ्यांहून निराळा, कारण त्यात आयजीईचा हातच नसतो. दूध, सोया, तांदूळ, ओट्स असं काही भरवल्यावर एक ते चार तासांनी बाळ ओकत सुटतं, पांढरं पडतं, हातपाय सैल सोडतं. पुरळ नाही, घरघर नाही. त्वचेवरच्या आणि रक्ताच्या ॲलर्जी चाचण्याही सहसा कोऱ्या येतात. पोटाचा संसर्ग समजून उपचार होतात आणि पुढच्या वेळी तोच पदार्थ भरवला की पुन्हा तेच. इथे मुख्य उपचार म्हणजे शरीरात पाणी भरून काढणं. मलूल पडलेल्या बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावं आणि दोन्ही वेळा काय भरवलं होतं ते डॉक्टरांना सांगावं.

उलट बाजूही आहे. काही वेळा ॲलर्जी नसताना तसं वाटतं. नीट थंड न ठेवलेल्या माशात हिस्टामिन तयार होतं. तो खाल्लेल्या अनेकांचे चेहरे एकदम लाल होतात, डोकं दुखतं. एकाच ताटातले सगळे आजारी पडले तर संशय माशावर घ्यावा. भीतीच्या झटक्यात धाप लागते, बोटांना मुंग्या येतात, पण आवाज बसत नाही आणि ओठ सुजत नाहीत. साधी भोवळ आलेला माणूस आडवा केला की लवकर सावरतो, त्याची नाडी बहुधा संथ असते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ती बहुधा जलद आणि क्षीण लागते. हे फरक खरे आहेत, पण ते तपासत बसण्याची जागा दवाखाना. ज्याला ॲलर्जी ठाऊक आहे आणि ज्याने संशयास्पद काही खाल्लंय, त्याचा श्वास, घसा किंवा रक्तदाब यांपैकी एकही एकाएकी बिघडला, तर जागतिक ॲलर्जी संघटनेच्या २०२० च्या निकषांनुसार तो ॲनाफिलॅक्सिसच धरायचा, त्वचेवर काही असो वा नसो.

मग करायचं काय

ॲड्रेनलिन. पहिलं औषध तेच. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींना आणखी रसायनं सोडू देत नाही. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण बुजत चाललेला घसा उघडत नाही आणि कोसळलेला रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडला काम सुरू करायलाच तास लागतात. दम्याचा पंप श्वासनलिकांपुरता, तोही ॲड्रेनलिननंतर. "आधी गोळी देऊ, फरक नाही पडला तर इंजेक्शन" हा क्रम मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण गोळीने खाज थांबते आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

इंजेक्शन मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. पॅन्टवरून दिलं तरी चालतं, फक्त खिशातली चावी किंवा मोबाइल मध्ये येत नाही ना ते पाहा. हे औषध आधीच भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन मिळतं. हा पेन मुठीत धरायचा, अंगठा टोकावर ठेवायचा नाही. घाईत पेन उलटा धरून स्वतःच्याच अंगठ्यात सुई मारून घेणारे लोक आहेत. टोपण काढा, मांडीवर काटकोनात दाबा, आवाज येईपर्यंत जोर द्या आणि पेनवर लिहिलेले सेकंद मनात मोजून मगच बाहेर काढा. मुलाला देत असाल तर त्याचा पाय घट्ट धरून ठेवा, नाहीतर झटक्याने सुईने ओरखडा जातो. पेनऐवजी कुपी आणि सिरिंज दिलेली असेल तर डोस डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलेला असावा, तो त्या वेळी आठवत बसायचा नाही. आता नाकात मारायचा ॲड्रेनलिनचा फवाराही आला आहे. अमेरिकेत त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

इंजेक्शननंतर हात थरथरतात, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो. हा औषधाचाच परिणाम असतो आणि थोड्या वेळात ओसरतो. म्हातारा किंवा हृदयरोगी असला तरी खऱ्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन द्यायचं नाही असं कुठलंही ठाम कारण नाही.

लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द फोनवर स्पष्ट सांगा. आणि माणसाला आडवा करा, पाय उंच ठेवा. ही सूचना लोक हमखास विसरतात. वाहिन्यांतलं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात एकदम उभं केलं तर उरलेलं रक्त पायांत उतरतं, हृदयात भरायला काही उरत नाही आणि काही सेकंदांत ते थांबू शकतं. पम्फ्री यांनीच २००३ मध्ये अशा मृत्यूंकडे लक्ष वेधलं, जिथे रुग्णाला बसवलं किंवा उभं केलं आणि त्या क्षणी तो गेला. म्हणून जिना उतरवत गाडीपर्यंत चालवत नेणं नको, 'बरं वाटतंय' म्हणाला तरी नको. धाप लागून आडवं होता येत नसेल तर पाय समोर पसरून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर, गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. पाणी पाजू नका, मुद्दाम उलटी काढायला लावू नका.

पाच मिनिटांत फरक पडला नाही किंवा सुधारून परत बिघडलं तर दुसरा डोस, शक्य असेल तर दुसऱ्या मांडीत. यासाठीच पेन दोन जवळ बाळगायचे असतात. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

पूर्ण बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन काही तास देखरेखीखाली राहायला लागतं. थोड्या रुग्णांमध्ये पहिली लाट ओसरल्यावर, काहीही न खाता, दुसरी लाट येते. बहुधा काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनीही. तिथे रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारं एक रसायन, तपासतात. लक्षणं सुरू झाल्यापासून अर्धा ते दोन तासांत नमुना घेतलेला बरा. ते वाढलेलं निघालं तर निदान पक्कं होतं. पण अन्नाच्या ॲलर्जीत ते बऱ्याचदा सामान्यच येतं, तेव्हा कागदावर 'नॉर्मल' पाहून निश्चिंत होऊ नका.

लक्षणं वेगळी असतील तर डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत तुमच्या नोंदींची होते. काय खाल्लं, किती वाजता, पहिलं लक्षण किती वाजता, त्याआधी व्यायाम, गोळ्या, दारू, ताप यांपैकी काय होतं, त्या आठवड्यात कीटक चावला होता का. खाल्लेल्या पदार्थाचं पाकीट फेकू नका. अंगावर काही उठलंच तर फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते विरलेलं असतं. आणि नुसत्या चाचणीच्या भरवशावर घरातून दहा पदार्थ हद्दपार करू नका. चाचणीत प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. शंका राहिली तर डॉक्टर स्वतःसमोर तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहतात. हा प्रयोग घरी करायचा नसतो.

दमा असेल तर तो आटोक्यात ठेवणं हा ॲलर्जीच्या उपचाराचाच भाग आहे, कारण दगावलेल्यांमध्ये दमेकऱ्यांचं प्रमाण मोठं असतं. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ॲड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वयात येणारी मुलं पेन घरी विसरतात किंवा मित्रांपुढे काढायला लाजतात. निदान एका मित्राला तरी पेन कुठल्या कप्प्यात आहे आणि कसा वापरायचा हे दाखवून ठेवायला लावा. पेन फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हातल्या गाडीत सोडू नका, कुलपात तर मुळीच नको. मुदतीची तारीख फोनमध्ये आठवण लावून ठेवा. झटक्याच्या वेळी हाताशी फक्त मुदत उलटलेला पेन असेल आणि आतलं औषध स्वच्छ दिसत असेल, तर तोच वापरा.